थार उचलायची: स्पेसर की स्प्रिंग?

२०२० नंतरची महिंद्रा थार दीड-दोन इंच उंच करायची आहे आणि खिसा बेताचा आहे? मग मार्ग दोनच.

स्पेसर स्वस्त. स्प्रिंग मूळचीच, तिच्यावर जाड चकती. त्यामुळे गाडीत बसल्यावर धक्के आधीसारखेच. गोम मागच्या चाकांत आहे. शॉकअप जुन्याच लांबीचे, गाडी मात्र आधीच उंच. चाकाला खाली लटकायला जागा कमी उरते. तोरणमाळच्या बाजूला एखाद्या नाल्यात चाक घळीत उतरलं की शॉकअप पुरता ताणला जातो आणि बुडाखालून ‘ठक्क’ येतं. तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो.

लांब स्प्रिंग आणि जोडीचे शॉकअप महाग, पण चाक सहजी जमीन सोडत नाही. मागे माणसं-सामान भरलं तरी गाडी फारशी खाली बसत नाही. रिकामी असली की थोडी उसळते, एवढंच.

शेत-शहादा एवढीच फेरी असेल तर स्पेसर पुरे. दर पावसाळ्यात सातपुड्यात शिरणार असाल तर थांबा, पैसे साठवा.

आणि काळ्या मातीच्या रबडीत दोन्ही सारखेच. चिखलात आधी टेकतो तो मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा, आणि त्याची उंची वाढते ती फक्त मोठ्या टायरने. काहीही बसवा, चाकांचं अलाइनमेंट त्याच दिवशी.