पीएम विश्वकर्मा, बुरूडकामाच्या नजरेतून: अवजारं आणि कर्ज घ्या, गिऱ्हाईक मात्र स्वतः शोधा

पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोजचे ५०० रुपये, १५,००० रुपयांची अवजारं आणि ५ टक्के व्याजाचं बिनतारणी कर्ज. पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेतलं एवढं गावोगावच्या कारागिरांना तोंडपाठ झालंय. हे परीक्षण मुख्यतः बांबूकाम करणाऱ्या बुरूड कारागिरांच्या बाजूनं लिहिलं आहे. कोल्हापुरी चपलेचा विषय शेवटी येईल, कारण बाजाराची एक गोम तिथे जास्त उघडी पडते. मत आधीच सांगून टाकतो: अवजारं आणि कर्जासाठी योजना नक्की घ्यावी, प्रशिक्षणातून काय मिळेल ते शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे, आणि विक्रीच्या बाबतीत तिच्या भरवशावर बसू नये.

योजनेत १८ व्यवसाय आहेत. टोपल्या, चटया, झाडू, काथ्याकाम करणारे मिळून एक गट, त्यात बुरूडकाम येतं. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. विणकर नाहीत. म्हणजे पैठणी नाही, घोंगडी नाही. वारली चित्रं नाहीत. सावंतवाडीचा लाकडी खेळणी करणारा यात बसतो, तिथलाच गंजिफा (हातानं रंगवलेले जुन्या धाटणीचे पत्ते) रंगवणारा कुठल्याच खणात नीट बसत नाही. अशांनी इथे वेळ घालवू नये, वारली-गंजिफावाल्यांसाठी केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांच्या योजना आहेत, त्याबद्दल पुढे.

अर्ज सामायिक सेवा केंद्रात (सीएससी) होतो आणि तो मोफत आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक, रेशनकार्ड एवढं लागतं. नंतर तीन पायऱ्या: ग्रामपंचायत, जिल्हा समिती, छाननी समिती. बुरूडकामातली नेहमीची अडचण पहिल्याच टेबलावर येते: बोटांचे ठसे उमटत नाहीत. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं बोटांची रेघ घासून काढते. अंगठा लागला नाही म्हणून परत फिरू नका. हात कोमट पाण्यानं धुवा, दहाही बोटं लावून पाहा, तरी जमलं नाही तर डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र असलेल्या केंद्रात जा.

एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. घराघरांत बांबू फोडणं-चिरणं पुरुष करतात आणि विणकाम बाया करतात, पण अर्ज सवयीनं पुरुषाच्या नावावर जातो. आमचा सल्ला सरळ आहे: गिऱ्हाइकाशी फोनवर कोण बोलतं, हिशेब कोण ठेवतं, त्याच्या किंवा तिच्या नावानं अर्ज करा. प्रशिक्षणही त्याच व्यक्तीला मिळणार आणि कर्जही तिच्याच नावावर येणार.

अवजारांचे १५,००० रोख मिळत नाहीत, ई-व्हाउचर मिळतं. त्यावर आलेली पेटी ताब्यात घेताना तिथेच उघडून यादीशी ताडून बघा. बुरूडाकडे कोयता आणि सुरी पिढीजात असतात, त्यात नवी भर फारशी उपयोगाची नसते. खरा फरक पडतो तो तीन गोष्टींनी. पेर साफ करायचं यंत्र, कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) एकाच रुंदीत काढणारी पट्टीकाढणी आणि जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर. कॅलिपर ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि संचात नसेल तर पदरचे पैसे घालून घ्यावी.

का, ते सांगतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पन्नास लॅम्पशेडची ऑर्डर आली असं धरा. अंदाजानं विणलेल्या पन्नासांत कुठे २९ भरतात, कुठे ३१. आठवडी बाजारात याला कोणी विचारत नाही, पण दुकानदाराची लोखंडी रिंग ३० ची असते. ती काहींत हलते, काहींत शिरतच नाही. परत आलेल्या मालात विणकामाचा दोष क्वचित असतो, दोष मापाचा असतो. लाकडी साचा करून त्यावर विणायचं आणि पाती, म्हणजे विणायची पातळ पट्टी, १ मिलिमीटरची ठेवायची, एवढ्यानं हा प्रश्न संपतो.

मूलभूत प्रशिक्षण ४० तासांचं. त्यात डिजिटल व्यवहार, बँक, योजनांची माहितीही येते, त्यामुळे प्रत्यक्ष हातकामाला वेळ बेताचाच उरतो. टोपली विणायची कशी हे तीस वर्षं विणणाऱ्याला शिकवण्यात हे तास घालवणारा प्रशिक्षक भेटला तर हात जोडा आणि त्याला बांबूच्या प्रक्रियेबद्दल विचारा. शिकण्यासारखं खरं तिथे आहे.

बांबूच्या वस्तूखाली पिवळसर पीठ पडायला लागलं की समजावं, आत भुंगेरा आहे. तो बांबूतल्या पिष्टावर (स्टार्चवर) जगतो. तीन वर्षांचा झालेला बांबू पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडला तर त्यात पिष्ट कमी असतं. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू म्हणजे किड्याला आमंत्रण. तोडल्यावर पाल्यासकट काही दिवस उभा ठेवला की पानं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात. हे जुने लोक करायचेच. नवीन भाग रसायनाचा: १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड. दोन्ही आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग टाकीत ओता, नाहीतर तळाला गोळे बसतात आणि द्रावण नुसतं नावाला राहतं. पात्यांना एक दिवस, जाड कामट्यांना चार-पाच दिवस. अख्खा बांबू बुडवून उपयोग नाही, पाठीच्या चकचकीत सालीतून द्रावण आत जात नाही. ते शिरतं कापलेल्या टोकातून आणि पोटाच्या बाजूनं. म्हणून आधी चिरा, मग भिजवा.

सुकवणं सावलीत. उन्हात घाई केली की कामटी पिळवटते आणि चिरते. हातमोजे घाला. वापरलेलं द्रावण शेतात किंवा ओढ्यात सोडू नका, बोरॉन जास्त झालं की झाडं करपतात. आणि सूप, रोवळी, भाकरीची परडी यांना हे द्रावण लावायचंच नाही. अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंसाठी पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची जुनी रीतच बरी. पाणी वास मारायला लागलं की बदलायचं.

आणखी एक दोष प्रशिक्षणात हमखास सुटतो. ओल्या पात्यांनी घट्ट विणलेली टोपली कोकणात घट्टच राहते, दिल्लीच्या कोरड्या हवेत किंवा एसीच्या शोरूममध्ये महिनाभरात ढिली पडते, कारण पाती आकसते. गिऱ्हाइकाला वाटतं काम कच्चं आहे. बाहेरगावच्या मालासाठी पाती पूर्ण सुकवून, विणताना वरवर पाणी मारून मऊ करावी. उलट चूक पॅकिंगमध्ये होते: जेमतेम सुकलेला माल प्लॅस्टिकमध्ये बांधला की आतल्या आत बुरशी. कागदात गुंडाळा, खोक्याला भोकं ठेवा.

आता किंमत. ब्रँडिंगवर तास होतो, किंमत काढण्यावर क्वचित. एक लॅम्पशेड घेऊ, आकडे केवळ हिशेबासाठी. बांबू ४०, होल्डर-वायर १२०, प्रक्रिया आणि पॉलिश ३०, पॅकिंग ४०, झाले २३०. पाच तासांचं काम, तासाला ६० धरून ३००. एकूण ५३०. मोडतोड, वीज, अवजारांची झीज यांसाठी १५ टक्के म्हणजे ८०. आपला दर ६१०. यातले ३०० बहुतेक कारागीर धरतच नाहीत, कारण ते "घरचंच काम" असतं. मग ३५० ला विकून फायदा झाला असं वाटतं. दुकानदार ६१० ची वस्तू १,२०० च्या पुढे लावतो. ती लूट नव्हे, त्याचं भाडं, पगार आणि पडून राहिलेला माल त्यातच आला. पण प्रदर्शनात आपण तीच वस्तू ६५० ला दिली तर तो दुकानदार पुन्हा ऑर्डर देणार नाही. प्रदर्शनाचा दर दुकानाच्या दराजवळच हवा. शिवाय दहा दिवसांच्या प्रदर्शनाला माणूस बसला की आठ तासांच्या हिशेबानं ४,८०० रुपयांची मजुरी बुडते. प्रवास आणि मुक्काम वेगळा.

विक्रीसाठी योजनेत ब्रँडिंग, मेळे, ई-कॉमर्स, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल यांची मदत लिहिलेली आहे. नीट वाचलं तर लक्षात येतं, प्रशिक्षणाला आकडा आहे, अवजारांना आहे, कर्जाला आहे. डिजिटल व्यवहाराला तर दर व्यवहारामागे १ रुपया, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत, इतका बारीक हिशेब आहे. बाजारपेठेसाठी कारागिराच्या वाट्याला किती, याचा आकडा मात्र कुठेच नाही. योजनेचे गुण आम्ही तिथेच कापले.

त्यामुळे सोबत हस्तकला विकास आयुक्तांचं 'पहचान' कार्ड काढाच, वर सांगितलेल्या वारली-गंजिफावाल्यांनी तर आधी तेच काढावं. गांधी शिल्प बाजार, दिल्ली हाटचे आळीपाळीनं मिळणारे गाळे यांसाठी ते लागतं. घरातली बाई बचत गटात असेल तर उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं मुंबईतलं महालक्ष्मी सरस प्रदर्शन हा दुसरा रस्ता.

ऑनलाइन विक्रीत जीएसटीची भीती घातली जाते, ती अर्धीच खरी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेतला छोटा विक्रेता जीएसटी नोंदणीशिवाय ई-कॉमर्स पोर्टलवर राज्यातल्या राज्यात विकू शकतो. पॅन आणि जीएसटी पोर्टलवरचा नावनोंदणी क्रमांक तेवढा हवा. आपला माल राज्याबाहेर पाठवणाऱ्या हस्तकलाकारांना वेगळी सूट आहे, पण तिथे ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) लागतं, माल पाचशेचा असला तरी. वाटेतल्या तपासणीत खोकी अडकतात ती याच कागदावाचून.

खरा खड्डा कुरिअरमध्ये आहे. बांबूची टोपली ६०० ग्रॅमची, पण खोकं ४० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५,००० नं भागतात: ४८,००० भागिले ५,०००, म्हणजे ९.६ किलोचं भाडं. हवेचे पैसे भरायचे! यावर उपाय डिझाइनमध्ये आहे. एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा संच करा, किंवा सपाट जाणारी, घरी जोडायची वस्तू. प्रशिक्षणात डिझायनर आला तर त्याच्याकडून हेच काढून घ्या, नक्षी आपल्याला येते.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट वेगळी, कारण तिथे नाव आधीच मोठं आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या तेव्हा अनेकांना वाटलं, मानांकन आहे तर कुणी नक्कल कशी करतं. मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. कोल्हापुरी न म्हणता तशी चप्पल विकणाऱ्यावर त्याचा धाक चालत नाही. पण "कोल्हापुरी" म्हणून विकायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. ती प्रत्येक कारागिराला स्वतः करावी लागते, जिल्ह्यात राहिल्यानं आपोआप होत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तिचं शुल्क १० रुपये आहे. ऑनलाइन परत येणाऱ्या चपला बहुतेक मापापायी येतात. आकड्याऐवजी पाऊल कागदावर आखून सेंटिमीटरमध्ये लांबी मागवा, आणि नवी चप्पल चार दिवस कडक लागते हे खोक्यातच लिहून ठेवा.

राहिलं कर्ज. पहिला टप्पा १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचा. दुसरा २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांत. १ लाख पूर्ण घेतले तर महिन्याला साधारण ५,७८० रुपये भरावे लागतात, ५०,००० घेतले तर २,८९०. पूर्ण रक्कम मिळते म्हणून पूर्ण घेऊ नका. दुकानदार मालाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी देतो, बँकेची परतफेड तेवढी थांबत नाही. मोठ्या ऑर्डरवर निम्मी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय बांबूला कोयता लावू नये.

बुरूडाला हे कर्ज लागतं एकाच गोष्टीसाठी, हिवाळ्यात वर्षाचा बांबू एकदम भरून ठेवायला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरचा बांबू केंद्राच्या वन कायद्यात झाड धरला जात नाही, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट घेणं सोपं झालंय. विदर्भात मानवेल, तळकोकणात माणगा. पैसे ऑक्टोबरच्या आत हातात हवेत. कर्ज जूनमध्ये मंजूर झालं तर ते भर पावसात तोडलेल्या, किडक्या बांबूत जातं किंवा घरखर्चात. तीन पायऱ्यांची छाननी, मग प्रशिक्षण, मग बँक, एवढ्याला महिने लागतात. अर्ज होळीच्या सुमारास टाका.