क्यूबेक सिटीत सुट्टीसाठी घर भाड्याने घेताय? फोटोतली नदी आधी बघा

गेले. १५५६ डॉलर ५५ सेंट गेले, वर ऐनवेळच्या हॉटेलचे वेगळे. परत मिळतील असं आता वाटत नाही, पण ज्याने फसवलं तोच माणूस तोच फोटो लावून आजही घर भाड्याने देतोय आणि आपल्यातली बरीच मंडळी फेब्रुवारीत तिकडे कार्निव्हलला जायचं ठरवतायत, म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय. बायकोचं म्हणणं लिहू नकोस, लोक हसतील. हसू देत.

आम्ही ऑन्टारियोत, टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहतो. आई-बाबा साताऱ्याहून आलेत. नायगारा झाला, सीएन टॉवर झाला, मग ठरलं की नाताळच्या सुट्टीत क्यूबेक सिटी दाखवायची, बर्फातलं जुनं गाव, दगडी घरं, भोवती तट. मेक्सिकोच्या वर अख्ख्या उत्तर अमेरिकेत तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर, १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बाबांना तट म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, अजिंक्यताऱ्याखाली जन्म गेलाय. २६ ते ३० डिसेंबर, चार रात्री, पाच माणसं. नेहमीच्या ॲपवर जुन्या गावात दोन बेडरूमचं बघायला गेलं तर रात्रीला साडेचारशेच्या खाली काही नाही. मग मी जिथे लोक जुने सोफे आणि विंटर टायर विकतात तसल्या एका साइटवर शोधलं आणि तिथे हे घर दिसलं, पेती शाम्प्लेन रस्त्यावर, रात्रीला २१०.

आता म्हणाल, तिथेच कळायला हवं होतं. का हो? २१० म्हणजे काही फुकट नाही. ५० म्हणाला असता तर मीही हसून पुढे गेलो असतो. किती स्वस्त केलं की गिऱ्हाईक खूश होतं पण बिचकत नाही, हे या लोकांना बरोब्बर कळतं. बोलायला अतिशय सभ्य. आई-वडील सत्तरीचे आहेत म्हटल्यावर जिना किती पायऱ्यांचा ते स्वतःहून सांगितलं, हीटर प्रत्येक खोलीत वेगळा आहे म्हणाला, गाडी अगदी दारासमोर लावा म्हणाला. सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट पण पाठवलं, फ्रेंचमध्ये, नंबर आणि मुदतीची तारीख असलेलं. ओल्ड माँट्रियलमध्ये मार्च २०२३ ला ती आग लागून सात माणसं गेली, त्यानंतर तिथे हे नियम फार कडक झालेत, जाहिरातीत नोंदणी नंबर द्यावाच लागतो. एवढं सगळं वाचून मी तो नंबर मुद्दाम मागितला होता. म्हणजे आंधळेपणाने उडी मारली असं कुणी म्हणू नका. नंबर खरा होता! फक्त दुसऱ्याच कुणाच्या घराचा होता, शंभर किलोमीटर लांबच्या एका शॅलेचा, म्हणजे लाकडी बंगलीचा. रजिस्टर ऑनलाइन सगळ्यांना बघता येतं, तेव्हा नंबर टाकून पत्ता जुळवा, नुसता नंबर आहे हे बघून काही होत नाही.

हिशेब असा. चार रात्रींचे ८४०, क्लीनिंगचे ९५, त्यावर तेरा टक्के टॅक्स १२१.५५, झाले १०५६.५५. मोडतोड झाली तर म्हणून डिपॉझिट ५००, ते परत मिळणार. पहिले ५०० घर अडकवून ठेवायला, मग उरलेले ५५६.५५, मग निघायच्या आठवड्यात डिपॉझिट. सगळं ई-ट्रान्सफरने. ऑटो-डिपॉझिट, म्हणजे पैसे थेट समोरच्याच्या खात्यात जमा, असल्यामुळे सिक्युरिटी प्रश्न वगैरे काही नाही, पाठवले की गेले, कॅन्सल करता येत नाहीत. समोर जे नाव आलं ते त्याचं नव्हतं, विचारलं तर पार्टनरचं अकाउंट आहे म्हणाला. आपल्याकडे नाही का दुकान भावाच्या नावावर आणि गुगल पे वहिनींचं.

पण हे सगळं एकीकडे. मला रात्री झोप लागत नाही ती त्या फोटोमुळे.

जाहिरातीत खिडकीतून दिसणारा देखावा म्हणून एक फोटो होता, मोठ्ठी खिडकी, बाहेर बर्फ आणि समोर ते शातो फ्रोंतनाक हॉटेल, १८९३ चं, राजवाड्यासारखं, क्यूबेकचा कुठलाही फोटो बघितलात तर त्यात असतंच ते. मी टीव्हीवर लावून सगळ्यांना दाखवला. बाबा भूमी अभिलेखमधून रिटायर झालेत, अख्खी नोकरी मोजणीत गेली, कुठलाही फोटो बघितला की आधी दिशा विचारतात. ते म्हणाले, "अरे, हे घर त्या हॉटेलच्या खाली आहे म्हणतोस ना? मग मधे ही नदी कुठनं आली?"

मधे नदी कुठनं आली. सरळ साधा प्रश्न. हॉटेल कड्यावर, पेती शाम्प्लेन त्याच कड्याच्या पायथ्याशी, तिथल्या खिडकीतून मान वर केली तर कडा दिसेल, फार तर हॉटेलचा एखादा बुरूज. अख्खं हॉटेल, त्याखालचा कडा, त्याखाली नदी हे असं एकाच चौकटीत दिसायला तुम्ही सेंट लॉरेन्सच्या पलीकडच्या काठावर, लेव्ही गावात असायला लागता. गुगल मॅप उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि मी काय म्हणालो? "बाबा, तिथे सगळीकडे नदीच आहे." ते गप्प बसले. मुलगा इतकी वर्षं इथे राहतोय, त्याला जास्त कळत असेल असं वाटलं असणार त्यांना. त्या वेळी फक्त पहिले ५०० गेलेले होते. १०५६.५५ वाचले असते हो! हे मी रोज मनात म्हणतो, अंघोळ करताना म्हणतो, सिग्नलला थांबल्यावर म्हणतो.

निघालो २६ ला पहाटे, आठशे किलोमीटर, वाटेत किंग्स्टनला थांबून थालीपीठं खाल्ली. दरवाज्याचा कोड चार वाजता पाठवतो म्हणाला होता. चार वाजले, पाच वाजले, मेसेजला एकच टिक. पोचलो तेव्हा सात वाजून गेलेले, उणे एकोणीस, आणि "दारासमोर" गाडी लावायची तर पेती शाम्प्लेन हा चालायचाच रस्ता निघाला, तिथे गाडी जातच नाही. आई-बाबा आणि लेकीला गाडीत हीटर लावून बसवलं आणि आम्ही दोघं घसरत घसरत पत्ता शोधत गेलो. त्या नंबरला मेपलचे पदार्थ विकायचं दुकान. वर घर आहे, पण मालकाचं, भाड्याने कधी दिलेलंच नाही. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या हातातला प्रिंट बघितला आणि मी तोंड उघडायच्या आत डोळे मिटून मान हलवली, म्हणजे हे त्यांना नवीन नव्हतं. चांगल्या होत्या बिचाऱ्या, हॉटेलला फोन त्यांनीच लावून दिले, फ्रेंचमध्ये बोलून.

शेवटी सेंत-फ्वा भागात दोन रूम मिळाल्या, एका रात्रीचे टॅक्ससकट ६११.६६. आणि पावती हातात आल्यावर दुसरी थोबाडीत बसली. त्यावर लॉजिंगचा साडेतीन टक्के, केंद्राचा पाच, क्यूबेकचा ९.९७५. तेरा टक्के कुठेच नाही. असणारच नाही, तेरा टक्के ऑन्टारियोचा आहे! त्या माणसाने क्यूबेकच्या घराला ऑन्टारियोचा टॅक्स लावला होता आणि मी, जो मिसिसागात बसून दर महिन्याला ऑफिसची बिलं पास करतो, त्याने ते बघून "चला, टॅक्स व्यवस्थित दाखवलाय, माणूस सरळ दिसतोय" असं म्हटलं होतं. तेव्हा बिल आलं की टॅक्सचा दर त्या प्रांताचा आहे का बघा. इथे दर प्रांतागणिक वेगळा आहे हे सगळ्यांना माहिती असतं, वेळेवर आठवत नाही.

एक मात्र सांगतो, म्हणजे मी अगदीच हा नाही हे कळेल. तो आइस हॉटेलची तिकिटं पण निम्म्या किमतीत देत होता, पाच जणांची १०० डॉलरला, तीस डिसेंबरची. ते मी घेतलं नाही. बर्फाचं ते हॉटेल जानेवारीत उघडतं, हे बायकोने आधीच वाचलेलं होतं. मग तिथेच संशय का नाही आला? आला ना. मला वाटलं, तिकिटांच्या बाबतीत गडबड झाली असेल त्याची.

आता पुढची मजा. बँकेला त्याच रात्री फोन लावला, दीड-दोन तास होल्डवर, मधेमधे रेकॉर्डिंग सांगतंय की फसवणुकीपासून सावध राहा. मग एक मुलगा आला, म्हणाला, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" हो. "मग हा अधिकृत व्यवहार झाला." अरे, पण ज्याच्या खात्यात गेले ते खातं कॅनडातल्याच बँकेत आहे, त्याला नाव आहे, त्याने ते उघडताना ओळखपत्र दाखवलं असणार, ते तरी गोठवा! प्रायव्हसी. चोराची प्रायव्हसी. माझं नाव, फोन, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव सगळं मला तीनतीनदा विचारलं, त्याचं मात्र काही सांगता येत नाही.

क्यूबेकच्या पोलिसांकडे गेलो तर म्हणाले पैसे ऑन्टारियोतून गेले, तक्रार तिथे करा. घरी आल्यावर इथल्या पोलिसांना फोन केला तर म्हणाले घर क्यूबेकमधलं, तक्रार तिथे करा. मी म्हणालो, तिकडून तुमच्याकडेच पाठवलंय, तर म्हणाले ऑनलाइन फॉर्म भरा. फॉर्ममध्ये घटना कुठे घडली याला इथल्याच शहरांची यादी. शेवटी मी माझ्या घराचा पत्ता टाकला, म्हणजे कागदोपत्री माझी फसवणूक माझ्याच स्वयंपाकघरात झाली, जे तसं बघितलं तर खरंच आहे. फाइल नंबर मिळाला. त्यावर पुढे काहीही नाही. देशपातळीवर फसवणुकीची नोंद घेणारी एक यंत्रणा आहे तिथेही कळवलं, त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि मग सांगितलं की आम्ही तपास करत नाही, माहिती गोळा करतो. करा गोळा. मार्चमध्ये या देशात फसवणूक प्रतिबंधाचा महिना पाळतात, पोस्टर लागतात, तेव्हा आमचे १५५६.५५ पण त्यांच्या बेरजेत असतील. आणि ती साइट! जाहिरात रिपोर्ट केली, पोलिसांचा फाइल नंबर जोडला, तर उत्तर आलं की आम्ही तपासलं, या जाहिरातीत आमच्या नियमांविरुद्ध काही आढळलं नाही.

शहराबद्दल काही तक्रार नाही हं. हॉटेलच्या तीन रात्री वाढवल्या (त्याचा आकडा लिहीत नाही, आईला अजून माहिती नाही) आणि सगळं बघितलं. डफरिन टेरेसवरची ती लाकडी घसरगुंडी १८८४ पासून आहे, लेक खाली यायची आणि पुन्हा रांगेत पळायची. हा डफरिन म्हणजे तोच जो इथे गव्हर्नर जनरल होता आणि नंतर आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला, हे कळल्यावर बाबा खूश. मोंमोरन्सीचा धबधबा ८३ मीटर, नायगारापेक्षा उंच, पायथ्याशी तुषार गोठून बर्फाची टेकडीच झालेली. आणि लेव्हीला जाणारी फेरी बोट, बर्फाचे तुकडे कापत दहा-बारा मिनिटांत पलीकडे नेते, तिच्या डेकवरून जुनं गाव काय दिसतं म्हणून सांगू. पलीकडे उतरल्यावर बाबांनी मागे वळून बघितलं, हात लांब करून अंगठ्याने काहीतरी मापलं आणि म्हणाले, "इथनंच काढलाय. थोडा वरनं, त्या चढावरच्या एखाद्या घरातनं." मी काय बोलणार? आई म्हणाली, "पुरे झालं आता, त्याला कॉफी घेऊन द्या."

जाणार असाल तर पैसे क्रेडिट कार्डनेच द्या आणि ॲपच्या आतच द्या, महाग पडलं तरी चालेल, कार्डवाल्यांकडे निदान वाद तरी घालता येतो. ई-ट्रान्सफरला समोरचं नाव वेगळं आलं तर तिथेच थांबा, पार्टनर, बायको, मेहुणा काही ऐकू नका. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, खिडकी उघडून. आणि तिथे हिवाळ्यात रात्रभर रस्त्यावर गाडी फुकट लावा असं कुणी बिनधास्त सांगितलं तर तो तिथला नाही असं समजा, बर्फ उचलायच्या रात्री खांबावरचे दिवे लुकलुकायला लागले की गाड्या टो करतात, लहान पोराला माहिती असतं.

बँकेकडे लेखी तक्रार केलीय. नियमाप्रमाणे त्यांना ५६ दिवस असतात, नाहीतर मग ओबीएसआयकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, नेता येतं, ते फुकट असतं, वकील लागत नाही. बँकेचं काही आलं तर कळवीन. जाहिरात काल रात्री पुन्हा बघितली, आता कार्निव्हलसाठी भाव २४० केलाय आणि "फक्त दोनच वीकेंड शिल्लक" असं लिहिलंय, म्हणजे बाकीचे वीकेंड कुणीतरी घेतलेत. दिसली तर रिपोर्ट करा, आणि तुमचेही पैसे गेले असतील तर मला मेसेज करा, ज्या नावावर पैसे गेले ते नाव आपण जुळवून बघू.