टेकडीवर रोपे लावावीत की राखण करावी?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या आमच्या गटापुढे पावसाळ्याआधी एक पेच आहे : जमलेल्या वर्गणीतून नवी रोपे लावावीत, की आहे तो गवताळ, झुडपी उतार नुसता राखावा?

खर्च पाहता, रोपाला खड्डा, माती आणि निदान दोन-तीन उन्हाळे पाणी लागते, तेही चढणीवरून वाहून नेलेले. राखणीला पैसा कमी, पण माणसे लागतात, विशेषतः वाळलेल्या गवताला वणवा लागू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये यासाठी गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढायला.

पाणी मुरवण्यात मात्र राखण सरस ठरते, कारण गवताच्या दाट मुळ्या मातीचा पातळ, मुरमाड थर धरून ठेवतात आणि खड्डे खणताना नेमका तोच थर मोकळा होतो. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी लावलेला, मूळचा मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प हा वृक्ष झपाट्याने वाढतो व हवेतला नत्रही मातीत स्थिर करतो. पण सालई, मोई, गणेर या देशी झाडांवर जगणाऱ्या कीटक-पक्ष्यांची उणीव तो भरून काढत नाही. (हिरवे दिसले की काम झाले, असे आपल्याला उगीच वाटते.)

पायथ्याशी सावली हवी असेल आणि तिथे माती खोल, पाणी जवळ असेल, तर देशी रोपे लावावीत. वरच्या उतारांवर भूजल आणि जैवविविधता जपायची असेल, तर राखणच करावी.