टू-स्ट्रोकचा ब्लॉक: बीडाचा लाइनर की निकासिल?
इंजिन उघडून बसलाय आणि ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो भाग) कुठला घालायचा, आत बीडाची नळी म्हणजे लाइनर बसवलेला की निकासिलचा लेप दिलेला, तिथंच अडलंय, तर मी दोन्ही वापरलेत म्हणून लिहितो.

नुसती झीज बघायची तर निकासिल उजवं, यात वाद नाही. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण, १९६७ साली माले कंपनीने व्हँकेल इंजिनासाठी काढलेला हा लेप, बीडापेक्षा खूपच कडक. आणि मागे सगळं ॲल्युमिनियम, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते, पिस्टन आणि ब्लॉक साधारण सारखेच फुगतात, म्हणून क्लिअरन्स, म्हणजे दोघांतली फट, कमी ठेवता येतो. लाइनरमध्ये तो जास्त द्यावा लागतो, मग थंड इंजिनाला पिस्टनची खडखड येतेच. माझ्या निकासिलच्या ब्लॉकमध्ये पिस्टनच्या रिंगा बदलताना होनिंगच्या (भिंत बारीक घासल्याच्या) रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या, लाइनरमध्ये तेवढ्या वापरात वर बोटाला कड लागायला लागते.

तरी मी लाइनरवर आलो, ते एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या खिडकीच्या, कडेमुळे. टू-स्ट्रोकमध्ये रिंग दर फेरीला त्या खिडकीवरून जाते, तिथं जरा बाहेर येते आणि परत आत दाबली जाते, सगळा मार त्या कडेला. माझ्या ब्लॉकला बरोबर तिथंच लेपाचा टवका उडाला, अगदी बारीक, बाकी बोअर (पिस्टन फिरतो ती पोकळी) एकदम चांगला, पण तेवढ्यापुरती दुरुस्ती नाही. लेप जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, त्यामुळे बोअर मारून (म्हणजे आतून कापून मोठा करून) पुढच्या साइझला जायची सोयच नाही. सगळा लेप उतरवा, नवा चढवा, डायमंडने होन करा, हे काम सगळीकडे होत नाही म्हणून ब्लॉक लांब पाठवा आणि तोपर्यंत इंजिन फडक्याखाली झाकून ठेवा. हा वैताग मला नाही झेपला.

लाइनर जाम झाला तरी ०.२५ नाहीतर ०.५० मिलिमीटरने मोठा, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन आणायचा, बोअर मारायचा, गाडी परत रस्त्यावर. मॉडेलप्रमाणे १.०० पर्यंत जाता येतं, नंतर लाइनरच नवा.

सतत फुल थ्रॉटल, रेसिंग वगैरे असेल तर निकासिलच घ्या, माझं ऐकू नका. रोजच्या वापराला मला तरी लाइनर बरा वाटतो. फक्त बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा चॅम्फर केल्यात का (घासून तिरक्या, बोथट केल्यात का) ते स्वतः बोट फिरवून बघा, धारदार राहिल्या तर नवी रिंग अडकून तुटते, आणि हे काम घाईत राहून जातं.