बेरेट घ्यायचीय: लोकरीची की मिक्सची? आणि डोक्यावर नीट बसवायची कशी

भाचीने परवा रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर दोन टोप्यांचे फोटो टाकले आणि खाली एवढंच, आत्या यातली कुठली घेऊ, दहा दिवसांनी एनसीसीचा कॅम्प आहे. फोटोत दोन्ही हिरव्या, दोन्ही गोल, दोन्ही अगदी जुळ्या बहिणी. एक शुद्ध लोकरीची, दुसरी मिक्स म्हणजे बहुतेक ॲक्रिलिक. दुकानात हातात घेतल्या तरी पटकन फरक कळत नाही, फरक कळतो तो पाण्यात घातल्यावर, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. तिला फोनवर अर्धा तास सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की कुणीतरी हेच विचारतंच.

आधी एक सांगते, टोपीला शेप देणं शेप देणं म्हणतात तो प्रकार फक्त लोकरीवर चालतो. लोकरीचा केस ओल पितो, ओल आणि ऊब मिळाली की तो मऊ पडतो आणि वाळताना जिथे जसा असेल तसाच बसतो. त्यामुळे ओली टोपी डोक्यावर घालून हाताने बसवली की ती तुमच्या डोक्याचा आकार धरते. ॲक्रिलिकचा धागा पाणी फारसं पीतच नाही, म्हणून तो पाण्यातून निघाला तरी जसाच्या तसा. आमच्या बॅचमधल्या एकीने मिक्सची टोपी तीनदा भिजवून तीनदा डोक्यावर वाळवली, सर्दी झाली, टोपी होती तशीच, तव्यावर पसरलेल्या आंबोळीसारखी.

ओळखायची कशी? लेबलवर विसंबू नका. टोपीच्या कडेची जराशी लव उपटून घ्या आणि घरी येऊन (दुकानात नको, दुकानदार हाकलेल) चिमट्यात धरून काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चिरडली की राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. म्हणून बिल घेताना बदलून देणार का ते आधीच विचारून ठेवायचं.

आता तुलना. लोकरीची महाग, आमच्या इथल्या दुकानात जवळपास दुप्पट. एकदा बसली की वर्षानुवर्षं बसते, रंग खोल दिसतो, बॅजजवळ उभी राहते आणि उजवीकडे कानावर छान उतरते. वाईट काय, तर पाऊस. १५ ऑगस्टच्या परेडला भिजली की ओल्या घोंगडीसारखी जड होते, पुण्याच्या त्या हवेत वाळायला दोन दिवस घेते आणि तोवर घरभर ओल्या मेंढीचा वास. शिवाय कसर लागते. मिक्सची स्वस्त, हलकी, पंख्याखाली रात्रीत वाळते, कसर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण शेप नाही, दोन-चार महिन्यांत गोळे येतात, आणि उन्हात डोकं भयंकर घामेजतं, हे कुणी सांगत नाही.

माझं मत विचाराल तर शाळेतल्या ज्युनियर पोरांना मिक्सची चालेल. डोकं अजून वाढतंय, आठवड्यातून एकदा परेड, टोपी बसमध्ये विसरून यायची शक्यता दांडगी. कॉलेजात सीनियरला गेलात, तीन वर्षं काढून सी सर्टिफिकेटपर्यंत, म्हणजे एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत जायचंय, कॅम्प करायचेत, गार्ड ऑफ ऑनरला उभं राहायचंय, तर लोकरीची घ्या, वाद नको. टर्नआउट, म्हणजे गणवेशाचा नीटनेटकेपणा, तपासणारे नजर पहिली टोपीवर टाकतात आणि मग बुटावर, मधलं सगळं नंतर.

साइज मात्र दोन्हीत एकच नियम, घट्ट घ्या. टेप भुवईच्या वर दोन बोटं ठेवून मागच्या फुगीर भागावरून फिरवा, जो सेंटिमीटरचा आकडा येईल तीच साइज. अंबाडा मावावा म्हणून मुली एक-दोन नंबर मोठी घेतात, तिथेच चुकतं. अंबाडा टोपीत घालायचा नसतो, टोपीच्या कडेच्या पट्टीखाली मानेवर बसवायचा असतो. आणि टोपी बसवताना केस परेडला बांधता तसेच बांधून बसा, मोकळ्या केसांवर बसवलेली टोपी कॅम्पात दुसऱ्याच कुणाची वाटते.

आता पाणी किती गरम हा खरा भांडणाचा मुद्दा. मी पहिल्या वर्षाला असताना होस्टेलवर कुणीतरी सांगितलं उकळत्या पाण्यात बुडव, मस्त बसते. मी रॉड लावून बादली उकळली, टोपी आत ढकलली, वरून काठीने ढवळली पण, कपडे धुतल्यासारखी. गरम पाणी अधिक घुसळणं म्हणजे लोकर आवळायची फुल्ल सोय. बाहेर आली ती मोठ्या नारळावर बसली असती इतकीच. सकाळी फॉलिनला, म्हणजे रांगेत उभं राहायला, मैत्रिणीची जुनी टोपी मागून गेले, ती सैल, दर पाच मिनिटांनी भुवईवर.

त्यामुळे उकळतं पाणी बाद. थंड पाणी चालतं पण फार हळू, दोन-तीन वेळा करावं लागतं. रंग जाईल अशी शंका असेल तर मात्र थंडच बरं, पहिल्यांदा पांढऱ्या फडक्यावर ओला कोपरा घासून बघा, नाहीतर कपाळावर हिरवा टिळा. वाफेची इस्त्री बारीक दुरुस्तीला चांगली, घडी सरळ करायला वगैरे, त्यावर अख्खी टोपी बसवायला जाऊ नका, कडेची कातडी पट्टी सुरकुतते. मला सगळ्यात पटतं ते कोमट पाणी, अंघोळीला घेतो त्याहूनही कमी गरम.

करायचं असं. बॅज आणि हॅकल (बॅजमागचा तुरा) काढा, नाहीतर पिना गंजतात. बॅजच्या मागे आत पुठ्ठा असेल तर तोही काढा, त्याचा लगदा होतो. मागची रिबन आधी कोरड्या टोपीवरच मापात ओढून गाठ मारून घ्या, ओली झाल्यावर ती सरकत नाही. मग टोपीचा फक्त वरचा भाग पाण्यात बुडवायचा, पट्टी जमेल तितकी कोरडी. पिळायची नाही, दोन टॉवेलमध्ये ठेवून दाबायची. आरशासमोर घाला, पट्टी भुवईवर दोन बोटं आणि सगळीकडून सरळ, बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या वर. आता डाव्या हाताने बॅजची जागा धरून ठेवा आणि उजव्या तळव्याने वरचं कापड उजवीकडे मागे ओढत कानाकडे न्या, पोळी लाटताना पिठावरून हात फिरवतो तसं एकाच दिशेने, थांबून थांबून. बॅजपाशी जी उभी कड तयार होते ती चिमटीत धरून दाबत राहा. अर्धा तास टोपी डोक्यावर, मोबाइल बघत बसा, मान खाली घालू नका. मग हळूच काढून सावलीत, स्टीलच्या गोल डब्यावर. पहिल्या खेपेला नव्वद टक्के येते, उरलेलं दुसऱ्या खेपेला.

(दिशेचं म्हणाल तर जगभर हीच नाही, फ्रेंच सैनिक टोपी डावीकडे ओढतात आणि बॅज उजवीकडे. यूट्यूबवर बघून कराल तर आधी सैन्य कुठलं ते बघा.)

मिक्सची घेऊन बसलेल्यांसाठी जुगाड आहे. उजवीकडची घडी हवी तशी पाडायची आणि आतून त्याच रंगाच्या दोऱ्याने दोन-तीन लपते टाके घालायचे. लांबून कुणाला कळत नाही. स्टार्च मारू नका, गडद रंगावर पांढरे डाग उठतात.

टोपीवरची लव काढायला जुने लोक लायटर फिरवतात, लोकर जरा करपून सुटते, पण ॲक्रिलिकवर तेच केलंत तर भोकच. मी साधा रेझर वापरते, कोरड्या टोपीवर, हलक्या हाताने, एकाच दिशेने. वर सेलोटेप बोटाला उलटी गुंडाळून टिपून घ्यायची. शिवणीजवळ रेझर नेऊ नका.

रोजची निगा म्हणाल तर तेल हा आपल्याकडचा मोठा शत्रू. डोक्यावर खोबरेल चोपडून परेडला गेलं की आतली पट्टी महिन्यात काळी आणि चिकट, तिथून डाग बाहेर येतो. पट्टी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, लोकरीवर आलेल्या डागावर टाल्कम पावडर रात्रभर ठेवून सकाळी ब्रश. ब्रासोने बॅज पॉलिश करताना बॅज टोपीवरून काढायचाच, तो पांढरट डाग मी अजूनपर्यंत कुणाचा निघालेला पाहिला नाही. आणि टोपी खांद्याच्या पट्टीत दुमडून खोचायची सवय, दिसते रुबाबदार, पण आठवडाभरात मधोमध अशी घडी पडते की पुन्हा बादली काढा. कॅम्पला जाताना ट्रंकेत कपड्यांच्या वर सपाट, शक्यतो डब्यात. सुट्टीत ठेवताना सुका कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळी, गोळी कागदात गुंडाळून.

भाचीने मध्येच विचारलं, पीक कॅपच (पुढे छज्जा असलेली टोपी) का नाही देत, ती तर आपोआप उभी राहते. उभी राहते कारण आत तारेचं कडं असतं, तिला शेप द्यायचा नसतो, तिचा शेप मोडू द्यायचा नसतो. बेरेटचं उलट. तिला कडक काहीच नाही म्हणून ती आवडली रणगाडावाल्यांना, ब्रिटिशांच्या टँक कोअरने १९२४ ला काळी बेरेट घेतली, पुढे छज्जा नसल्याने नेम धरायच्या काचेला डोळा लावता येतो आणि काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. आपल्याकडेही आर्मर्डवाले काळीच घालतात, नगरला त्यांचं मोठं केंद्र आहे, तिथल्या लोकांना हे रोजचं दृश्य.

तर भाचीने लोकरीची घेतली, चोपन्न नंबर. काल रात्री फोटो आला, टोपी चिवड्याच्या डब्यावर वाळतेय, शेजारी बॅज, आणि खाली मेसेज, आत्या आई विचारतेय चिवडा कधी काढायचा. म्हटलं उद्या संध्याकाळी, तोपर्यंत डब्याला हात लावू देऊ नकोस.