१०९८ : फोन लागतो, पुढचं काय?

१९९६ साली मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन २०२३ पासून सरकार चालवतं. फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो. जिवावर बेतलं असेल तर पुढे ११२ या आपत्कालीन क्रमांकाकडे, एरवी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. फुकट, चोवीस तास.

फोन करताना स्वतःचं नाव नाही सांगितलं तरी चालतं, पत्ता मात्र मोघम नको. "पुलाखालचं मूल" एवढ्यावर कोणी पोचत नाही. जवळची खूण, अंदाजे वय, आत्ता मुलाजवळ कोण आहे, अंगावर ताजे वळ आहेत का, हे आधी सांगा. नवरा-बायकोच्या भांडणाचा इतिहास नंतर. मूल स्वतः फोन लावतं तेव्हा अनेकदा आधी गप्पच असतं. अशा वेळी दोनदा "हॅलो" करून फोन ठेवला, की ते पुन्हा लावेलच असं नाही. "मी ऐकतेय, घाई नाही" म्हणून थांबणारी ताई फोनवर भेटली, तर निम्मं काम झालं.

मूल ताब्यात आलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यावं लागतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही चालतं. तेव्हा "सोमवारी या" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

घोडं पेंड खातं ते मुलाच्या घरची परिस्थिती पाहून समितीसाठी लिहायच्या सामाजिक तपासणी अहवालापाशी. मुदत १५ दिवसांची, आणि हातात येतो तो बऱ्याचदा छापील साचा: "परिस्थिती हलाखीची, वडील व्यसनी, बालगृहात ठेवावे." यावरून समितीनं ठरवायचं काय? मूल रात्री कुठे झोपतं, आई कामाला गेल्यावर घरात कोण असतं, शाळा कधीपासून सुटली, आजी किंवा मावशी सांभाळायला तयार आहे का, हे त्यात हवं. वडिलांसमोर केलेल्या एकाच गृहभेटीत यातलं काही कळत नाही. दुसरी भेट न कळवता, आणि मुलाशी एकट्याशी बोलणं, एवढं तरी व्हायलाच हवं. अडचण फक्त पैशाची असेल तर बालगृह कशाला? मूल कुटुंबातच राहावं म्हणून असलेल्या महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा पर्याय आहे.

फोन ठेवण्याआधी प्रकरण कोणाकडे सोपवलं ते विचारा, तारीख-वेळ टिपून ठेवा. आठवड्यानं पुन्हा १०९८ लावावा लागला तर तोच कागद कामी येतो.