साताऱ्याची जमीन आणि दोन वेज: दहा महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यात राहून गोल्फ खेळणाऱ्याला आपला खेळ दोन ठिकाणी वाटून घ्यावा लागतो. पूर्ण फेरी खेळायची ती पुण्यात, म्हणजे खंबाटकी ओलांडून सुमारे ११० किलोमीटरवर, आणि सराव करायचा तो घराजवळ, जिथे परवानगी मिळेल तिथे. माझा सराव संगम माहुलीच्या अलीकडे, एका नातेवाइकांच्या उसाला लागून असलेल्या अर्ध्या एकराच्या पडीक तुकड्यावर चालतो. तिथे ड्रायव्हर, म्हणजे चेंडू सर्वांत लांब मारणारी काठी (क्लब), काढण्याची सोय नाही, कारण चेंडू कृष्णेत तरी जाईल किंवा उसात तरी, आणि उसात गेलेला चेंडू तोडणी होईपर्यंत हाती लागत नाही. त्यामुळे गेली काही वर्षे शंभर यार्डांच्या आतले फटके एवढाच माझा अभ्यास राहिला आहे, आणि त्यासाठी लागणारे क्लब, म्हणजे वेज, मी गेल्या मार्चमध्ये बदलले. (घरी ‘दोन नवीन वेज आले’ असे सांगितल्यावर स्वयंपाकघरातून ‘कुठल्या हॉटेलातून?’ असा प्रश्न आला होता.) क्लीव्हलंडचा सीबीएक्स झिपकोअर, ५० अंशांचा, आणि टायटलिस्टचा व्होकी एसएम ९, ५६ अंशांचा, असे हे दोन वेज आहेत. (अंश म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन. तो जितका जास्त, तितका चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो.) माझा हँडिकॅप, म्हणजे फेरीच्या प्रमाण फटक्यांपेक्षा मला जास्त लागणाऱ्या फटक्यांचा ढोबळ आकडा, २२ आहे, हे वाचकांनी पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवावे.

या दोहोंआधी एका दुकानाच्या सल्ल्यावरून मी ६० अंशांचा लॉब वेज, म्हणजे चेंडू थोड्या अंतरात उंच उडवणारा क्लब, घेतला होता. व्यावसायिक खेळाडूंच्या पिशवीत तो असतो, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण माझ्या पिशवीत काय आहे, हे त्याने एकदाही विचारले नाही. माझ्या आयर्नच्या, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबांच्या, संचातला पिचिंग वेज ४४ अंशांचा आहे. पूर्वी पिचिंग वेज ४८ अंशांच्या आसपास असे. चेंडू लांब जावा म्हणून कंपन्या आयर्नचे कोन कमी करत गेल्या आणि त्याच ओढीने पिचिंग वेजही ४३ ते ४५ अंशांवर आला. माझा जुना सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायचा क्लब, ५६ अंशांचा होता. म्हणजे दोन क्लबांमध्ये बारा अंशांची दरी होती आणि अंतराच्या भाषेत सांगायचे तर पूर्ण फटक्याला एक ११५ यार्ड जाई व दुसरा ८० यार्ड. भोकावरचा ध्वज ९८ यार्डांवर असला की मोठा क्लब आखडून मारायचा किंवा लहान क्लब जिवाच्या आकांताने मारायचा, एवढेच हाती उरे. आणि दोन्ही प्रकारांत चेंडू कुठे पडेल, याचा भरवसा नसे. ही दरी बुजवण्याऐवजी मी तिच्या पलीकडे आणखी एक क्लब विकत घेतला होता. पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात, या नियमाची झळ अशा वेळी बसते.

म्हणून वेज निवडताना पहिले काम दुकानात जाण्याचे नसून आपल्या पिचिंग वेजचा कोन शोधण्याचे आहे. तो बहुधा क्लबवर कोरलेला नसतो, पण कंपनीच्या तक्त्यात मिळतो. तिथून पुढे चार ते सहा अंशांच्या पायऱ्या ठेवाव्यात. माझ्या बाबतीत ४४, ५० आणि ५६ हा हिशेब सरळ बसला.

५० अंशांचा सीबीएक्स मी निवडला तो त्याच्या मागच्या बाजूला आयर्नसारखी पोकळी आहे म्हणून. बहुतेक वेज मागून सपाट, पात्यासारखे असतात. ते अचूक हातांना भरभरून देतात आणि इतरांकडून चुकीची पुरेपूर किंमत वसूल करतात. पोकळी ठेवलेल्या क्लबचे वजन कडांकडे गेलेले असते, त्यामुळे चेंडू मधोमध न लागता थोडा टोकाकडे लागला तरी अंतर फारसे घटत नाही. ज्यांचे आयर्न अशाच पोकळीचे आहेत, त्यांना या क्लबचा पूर्ण फटका ओळखीचा वाटेल. दहा महिन्यांत माझा ९५ ते १०० यार्डांचा फटका नवव्या आयर्नइतका सहज झाला आहे, आणि या एका गोष्टीसाठी त्याची किंमत वसूल झाली असे मी मानतो. (किंमत इथे सांगत नाही, कारण ती घरातही सांगितलेली नाही.) त्याचा दोष एवढाच की त्याचे तोंड मोठे आणि तळ रुंद आहे, भोकाभोवतीच्या हिरवळीच्या कडेवरून नाजूक चिप, म्हणजे छोटा बुटका फटका, मारताना, विशेषतः उघड्या जमिनीवर, हातात थोडे बोजड अवजार असल्यासारखे वाटते.

व्होकीबद्दल लिहिण्याआधी बाउन्सबद्दल लिहिणे भाग आहे, कारण वेज घेताना सगळे अंश विचारतात आणि बाउन्स कोणी विचारत नाही. क्लबचा दांडा सरळ उभा धरला तर तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली असते. या उताराचा जमिनीशी होणारा कोन म्हणजे बाउन्स. शेतीच्या भाषेत सांगायचे तर बाउन्स कमी असलेला क्लब नांगराच्या फाळासारखा जमिनीत शिरू पाहतो आणि जास्त असलेला फळीसारखा वरून सरकतो. अमेरिकेचे जीन साराझेन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या क्लबच्या तळाला शिसे झाळून तो वाळूत घसरेल असा केला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. आजचा सँड वेज त्याच कल्पनेवर उभा आहे. चार ते सहा अंशांचा बाउन्स कमी, सात ते दहाचा मध्यम आणि त्यापुढचा जास्त, असे ढोबळमानाने म्हणतात.

यातला कोणता घ्यावा, हे जमीन ठरवते आणि इथेच आपल्याकडची अडचण सुरू होते. माहुलीचा तो तुकडा एप्रिल-मे महिन्यांत भेगाळलेला आणि फरशीसारखा टणक असतो. त्यावर जी काही हिरवाई तग धरते ती हरळीची. गोल्फवाले तिलाच बर्म्युडा म्हणून मैदानावर जपतात, शेतकरी तिला शिव्या देऊन उपटतो आणि आपण तिच्याच दूर्वा गणपतीला वाहतो. टणक जमिनीवर जास्त बाउन्सचा क्लब आपटून उसळतो, पुढची धार चेंडूच्या पोटाला लागते आणि चेंडू हिरवळीच्या पार पलीकडे जातो. तोच तुकडा श्रावणात लोण्यासारखा मऊ असतो, आणि तिथे कमी बाउन्सचा क्लब चेंडूआधी मातीत रुततो. माझ्या ६० अंशांच्या लॉब वेजचा बाउन्स चार होता. मे महिन्यात तो मला वरदान वाटला आणि ऑगस्टमध्ये पुण्यातल्या ओल्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, त्याने एकाच वेळी माझे चार फटके खाल्ले.

व्होकीच्या क्लबवर अंश आणि बाउन्स जोडून कोरलेले असतात, माझ्या क्लबवर ५६.१० आणि पुढे एस हे तळाच्या घडणीचे अक्षर आहे. याच ५६ अंशांत १४ बाउन्सचा एफ घडणीचाही क्लब मिळतो, आणि पूर्ण रुंदीचा तळ असलेला तो क्लब मी एका खेळगड्याकडून तीन फेऱ्यांपुरता मागून घेऊन वापरून पाहिला. पावसाळी बंकरमध्ये तो निःसंशय सरस होता. वाळूत घातला की आपोआप वर येत होता. पण हिवाळ्यात, दव वाळल्यानंतरच्या आखूड हरळीवर, त्याने माझ्या दहा चिपांपैकी तीन-चार पातळ, म्हणजे धार चेंडूच्या पोटाला लागून, मारायला लावल्या. दहा बाउन्सचा एस या दोन टोकांच्या मध्ये राहतो. कोरड्या जमिनीवर तो सरळ तोंडाने वापरता येतो. वाळूत तोंड थोडे उघडले की कोन आणि बाउन्स दोन्ही वाढतात आणि ६० अंशांच्या क्लबचे बरेचसे काम तोच करतो. ऑगस्टमध्ये मात्र मला आणखी दोन अंशांचा बाउन्स हवासा वाटला, हे कबूल करतो. ज्यांचा फटका खडा उतरतो आणि जे मातीची जाड ढलपी काढतात, त्यांनी ऋतूचा विचार न करता जास्त बाउन्सकडेच जावे. माझी ढलपी पातळ निघते. आपली कशी निघते हे कळत नसेल तर तळावर खडूचा पट्टा ओढून दहा फटके मारावेत आणि खडू कुठे पुसला गेला ते पाहावे. पुढच्या धारेजवळ पुसला असेल तर क्लब जमिनीत शिरतो आहे.

हाताला जाणवणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात. एसएम ९ हा ८६२० पोलादाचा आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत गिअरच्या कामाशी संबंध आलेल्यांना हा आकडा सांगावा लागणार नाही. चेंडू लागताना होणारा आवाज मऊ येतो याचे श्रेय मी त्या पोलादाला देतो, जरी सहखेळाडूंना तो फरक ऐकू येत नाही. मी क्रोम लावलेला घेतला. लेप नसलेला ‘रॉ’ प्रकार दिसायला रुबाबदार असला तरी त्याला गंज चढू द्यायचा असतो, आणि गंज चढलेले हत्यार पैसे मोजून आणण्याची माझी तयारी नव्हती.

क्लबच्या तोंडावरच्या आडव्या खाचांची, ज्या चेंडूला पकडून फिरकी देतात, झीज हा एकच प्रश्न उरतो. २०१० पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या क्लबांच्या खाचांची धार आणि आकारमान मर्यादित केले आहे, त्यामुळे जी धार मिळते ती टिकवणे महत्त्वाचे. माहुलीच्या मातीत बारीक मुरूम आहे आणि सराव तिथेच होत असल्याने ५६ च्या तोंडावर, खालून तिसऱ्या-चौथ्या खाचेपाशी, नख फिरवले तर आता ते पूर्वीसारखे अडत नाही. ५० अंशांचा क्लब अजून नव्यासारखा आहे. म्हणून गेल्या महिन्यापासून सरावाला जुना ५६ आणि फेरीला व्होकी, अशी विभागणी केली आहे. लॉब वेज फलटणच्या मेहुण्यांनी नेला आहे. त्यांच्या मैदानी सरावाची जागा बारमाही कोरडी असते, आणि तिथे तो उत्तम चालतो असे ते कळवतात.